फरशीवरचं नाव आणि लाइटबिल

जुन्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडायची रीत होती. समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून नेटकं मांडायचं आणि मगच आपलं उत्तर द्यायचं. रोजच्या जगण्यातल्या लहानसहान दानाबद्दल लिहिताना ही रीत उपयोगी पडते, कारण या विषयावर गोड बोलणारे पुष्कळ आणि उलटतपासणी घेणारे थोडे. म्हणून या लेखात एक शंकाकार आहे. तो कुणी एक माणूस नाही. सोसायटीच्या सभेत, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत सहज कानावर पडणारे आक्षेप एकत्र करून त्याला उभं केलं आहे. तो हुशार आहे, कंजूष नाही, आणि त्याचे निम्मे आक्षेप मला मान्य आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

शंकाकार : अहो, महिन्याला शंभर रुपये, वाढदिवसाला अनाथाश्रमात जेवण, दिवाळीच्या साफसफाईत निघालेले कपडे, जमलं तर वर्षातून एकदा रक्तदान. यानं नक्की काय होतं? एका मोठ्या कंपनीचा एका वर्षाचा सीएसआर म्हणजे तुमच्या लाखो शंभराच्या नोटा. आजार, शिक्षण, निराधार म्हातारपण हे कोटींचे प्रश्न आहेत. तिथं तुम्ही चिल्लर घेऊन जाता आणि घरी येऊन समाधानानं झोपता. मला तर वाटतं, या दानाचा खरा लाभार्थी देणाराच असतो.

मी : कोटींपासूनच सुरुवात करू. 2013 च्या कंपनी कायद्यातल्या 135 व्या कलमानं ठराविक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलं. पैसा मोठा आहे, वाद नाही. पण तो कसा येतो ते बघा. तो प्रकल्पाच्या नावानं येतो. प्रकल्पाला सुरुवात असते, शेवट असतो, फोटो असतात, अहवाल असतो. नियमांप्रमाणे चालू प्रकल्पाची मुदतसुद्धा सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपलीकडे जात नाही. घराण्यांच्या मोठ्या देणग्यांचंही फार वेगळं नाही. कुठल्याही जुन्या शाळेत, वाचनालयात, धर्मशाळेत जाऊन मान वर करा. पंख्याच्या पात्यांवर रंगानं लिहिलेलं असतं, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. कपाटावर, बाकावर, पाण्याच्या टाकीवर, दारातल्या संगमरवरी फरशीवर नावं असतात. पंखा ज्यांनी दिला त्यांचं नाव पात्यावर आहे. तो पंखा पंचवीस वर्षं फिरवणाऱ्या विजेचं बिल ज्यांनी भरलं त्यांचं नाव कुठेच नाही. आणि संस्था बंद पडतात त्या पंख्यावाचून नाही, बिलावाचून. शिपायाचा पगार, गॅसची टाकी, औषधाचा फ्रीज दुरुस्त करणारा माणूस, रात्रपाळीच्या मावशी, ऑडिटरची फी. हा सगळा खर्च कंटाळवाणा आहे, दर महिन्याला उभा राहतो आणि त्याची फीत कापता येत नाही. माझं म्हणणं सगळं एवढ्यातच आहे. थोडं, ठरलेलं आणि बिननावाचं दान मोठ्या दानापेक्षा लहान म्हणून कमी मोलाचं ठरत नाही, कारण त्याचं काम निराळं आहे. मोठी देणगी संस्था उभी करते. ती उभी राहिली की तिला रोज चालवायचं काम तुम्ही ज्याला चिल्लर म्हणता त्याच्याकडे येतं.

शंकाकार : तत्त्व ठीक. पण चिल्लरीवर खरोखर काही चाललेलं दाखवा. पाप-पुण्याच्या गोष्टी नकोत, उदाहरण द्या.

मी : दोन देतो. पहिलं पैसा फंडाचं. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी माणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग काढायची कल्पना धरली आणि ती तडीस नेली. तेव्हाच्या रुपयात चौसष्ट पैसे. म्हणजे एक रुपया जमवायला चौसष्ट माणसांपुढे हात पसरायचा. लोकमान्य टिळकांनी या उपक्रमाला पाठबळ दिलं आणि 1908 मध्ये तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. पण हे उदाहरण माझ्या मुद्द्याला अर्धंच लागू पडतं, हे मान्य करतो. तिथं पैशापैशानं भांडवल उभं राहिलं. रोजचा खर्च भागवायचा प्रश्न त्यात येत नाही. तो प्रश्न दुसऱ्या उदाहरणात आहे. भाऊराव पाटलांनी 4 ऑक्टोबर 1919 ला कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, आणि 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असं नामकरण झालं. सगळ्या जातींची गरीब मुलं एकत्र राहणार, एकत्र जेवणार. आता वसतिगृहाची इमारत एकदाच बांधायची असते, पण भूक दिवसातून दोनदा लागते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही माहीत असते. आपण तिच्यातला त्याग आठवतो. त्यातला हिशेब मात्र आपल्या नजरेतून निसटतो: दागिना एकदाच मोडता येतो. पुढच्या महिन्यात पुन्हा धान्य लागतंच. त्याचं उत्तर म्हणून जी मुष्टिफंडाची पद्धत आली, ती मला दागिन्यांइतकीच थोर वाटते. घरातल्या बाईनं दळायला किंवा रांधायला बसताना एक मूठ धान्य बाजूला काढायचं आणि ते जमवून बोर्डिंगला द्यायचं.

शंकाकार : एक मूठ! मुठीनं कुठं पोरं जगतात?

मी : गणित करून बघा. मुठीत साधारण पन्नास ग्रॅम जोंधळा धरू. दोन वेळची मूठ म्हणजे रोज शंभर ग्रॅम, महिन्याला तीन किलो. अशी शंभर घरं असतील तर तीन क्विंटल. वाढत्या वयाच्या मुलाला दिवसाला अर्धा किलो धान्य लागतं असं मानलं तरी महिन्याला पंधरा किलो होतं, म्हणजे शंभर घरांच्या मुठीवर वीस मुलं दोन्ही वेळ भाकरी खातात. हे माझं आजचं ढोबळ गणित आहे, रयतच्या वहीतलं नाही. पण त्यावरून चिल्लरीची ताकद कळते. त्याहून मोलाची गोष्ट वेगळीच आहे. त्या काळात घरातला रोख पैसा पुरुषाच्या कनवटीला असे. बाईच्या हाती काय होतं? कणगी, सूप, जातं. तिच्याकडे वर्गणी मागितली असती तर तिला नवऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. मूठभर धान्य मात्र ती कुणालाही न विचारता देऊ शकत होती. म्हणजे ही पद्धत काढणाऱ्यांनी देणाऱ्याच्या हाताला नेमकं काय लागतं, ते आधी पाहिलं. शिवाय ती मूठ शिजवण्याआधी काढायची होती. उरलंसुरलं द्यायचं असतं तर ज्या दिवशी उरलं नाही त्या दिवशी बोर्डिंग उपाशी राहिलं असतं. दानाचे सोपे मार्ग सुचवणारे आज पुष्कळ आहेत. त्यांतल्या प्रत्येक मार्गाला मी हे दोन प्रश्न विचारतो. देणाऱ्याच्या हाताशी ते खरंच आहे का, आणि ते आधी काढायचं आहे की शेवटी उरलं तर?

शंकाकार : रयतच्या पाठीशी भाऊराव होते. गावानं त्या माणसाला डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्या शंभर रुपयांमागे कोण आहे ते मला ठाऊक नाही. सिग्नलला पावतीपुस्तक घेऊन उभी असलेली मुलं, फोनवर येणारे रडवेले आवाज, मोबाइलवर फिरणारे आजारी बाळांचे फोटो आणि त्याखालचे क्यूआर कोड. यांतलं खरं काय आणि खोटं काय? फसण्यापेक्षा न दिलेलं बरं.

मी : सिग्नलला, फोनवर आणि अनोळखी क्यूआर कोडवर देऊ नका, इथवर मी तुमच्याबरोबर आहे. गडबडीत आणि गहिवरून दिलेलं दान हेच फसवणाऱ्याचं भांडवल असतं. पण त्यावरून ‘देऊच नये’ हा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच, की देण्याचा निर्णय आणि देण्याचा क्षण वेगळे ठेवावेत. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास 1950 च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवले जातात. त्यांना नोंदणी क्रमांक असतो आणि तपासलेले हिशेब दरवर्षी सादर करावे लागतात. 80जी म्हणून ओळखली जाणारी आयकराची सवलत ज्या संस्थेला मिळालेली असते, ती तुमच्या देणगीची माहिती आयकर खात्याला कळवते आणि तुम्हाला प्रमाणपत्र देते. दोन हजारांवरची देणगी रोखीत दिली तर ती सवलत मिळत नाही, म्हणून चांगली संस्था मोठी रोख घ्यायला आपणहून नाखूश असते. जी ‘कॅशच द्या’ म्हणते तिथून उठावं. (नव्या करप्रणालीत गेलेल्यांना ही वजावट नाहीच. कर वाचवण्यासाठीच जे देत होते ते तेवढ्यानं थांबले असतील, तर त्यांचं देणं किती खोल होतं तेही कळलं.) कागद नीट असले म्हणजे माणसं नीट असतील असं मात्र नाही. म्हणून माझा कल जवळच्या संस्थेकडे असतो. आपल्या गावातली, आपल्या तालुक्यातली, जिथं कुठल्याही मंगळवारी न कळवता जाता येतं. संस्था खरी की खोटी हे ठरवायला पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम कामाचा नाही. एखाद्या आडवारी दुपारी तीन वाजता स्वयंपाकघरात डोकावलं तर कुणी अडवतं का, हे बघावं.

शंकाकार : समजा, संस्था खरी आहे. तरी माझे शंभरचे शंभर मुलांपर्यंत पोहोचले पाहिजेत. पगार, भाडं, गाडीचं डिझेल यात माझा पैसा जाणार असेल तर मला तो द्यायचा नाही.

मी : नेमकी हीच अट संस्थांच्या जिवावर उठते. शंभरचे शंभर मुलापर्यंत पोहोचवायचे असतील तर मुलाला पैसेच द्यावे लागतील. पण मुलाला हवा आहे शिकवणारा माणूस, आणि शिकवणारा माणूस म्हणजे पगार. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना कूस बदलून देणारा हात हवा असतो, आणि त्या हातालाही महिनाअखेरीला घर चालवायचं असतं. ‘प्रशासकीय खर्च’ हा शब्द ऐकला की आपल्याला वातानुकूलित केबिन दिसते. ती कुठे कुठे असतेही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली गेली, ती याच संशयापोटी. संशय अगदीच निराधार होता असं मी म्हणणार नाही. पण त्याचा उलटा परिणामही होतो. प्रत्येक देणगीदार ‘माझा पैसा थेट कामाला’ म्हणतो, म्हणून हिशेब लिहायला माणूस ठेवता येत नाही, म्हणून हिशेब वेळेवर होत नाहीत, आणि मग तोच देणगीदार म्हणतो की बघा, यांचे हिशेब धड नाहीत. कुठलीही अट न घालता दिलेले दरमहाचे शंभर रुपये इथं लाख मोलाचे होतात. पाच हजार रुपयांचं खेळणं देणारे बरेच भेटतात. पाचशे रुपयांचं नळदुरुस्तीचं बिल देणारा शोधावा लागतो.

शंकाकार : पैशाचं राहू द्या. रक्ताबद्दल बोला. तिथं तर तुमचं ‘थोडं आणि नियमित’ चालत नाही. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला एका मांडवात हजार पिशव्या रक्त जमतं. ती संख्या तुमचा एकेकटा दाता कधी गाठणार?

मी : रक्ताचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण माझा मुद्दा तिथं शरीरशास्त्रानंच सिद्ध होतो. रक्त साठवता येतं, पण ठराविक दिवस. नेहमीच्या पिशवीतलं रक्त 35 दिवस टिकतं. तांबड्या पेशी वेगळ्या करून खास द्रावणात ठेवल्या तर 42 दिवस. प्लेटलेट अवघे पाच दिवस, आणि तेही सतत हलत्या ट्रेवर, 20 ते 24 अंशांत. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो, पण डेंग्यूच्या किंवा केमोथेरपीच्या रुग्णाला प्लेटलेट लागतात तेव्हा मागच्या महिन्यातल्या हजार पिशव्यांचा काडीचा उपयोग नसतो. एका दिवशी हजार पिशव्या आल्या आणि त्या भागातली गरज दिवसाला वीसचीच असेल, तर दीड महिन्यानंतर उरलेल्या पिशव्यांचं काय होतं ते सांगायला नको. उलट मे महिना बघा. कॉलेजं बंद, माणसं गावाला, मांडव घालायला कुणी नाही. त्याच महिन्यात थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं. त्याच्या आजाराला सुट्टी नाही आणि कुणाच्या जयंतीशी त्याचा संबंध नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली. ते योग्यच झालं. पण त्यानंतर या मुलाचं आयुष्य सर्वस्वी बिनपैशानं देणाऱ्यांवर येऊन ठेपलं आहे.

आता हे दान किती सोपं आहे तेही बघा, कारण सुईच्या भीतीनं लोक ते उगाच अवघड करून ठेवतात. वय अठरा ते पासष्ट, वजन निदान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5. बोटाला टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात; थेंब बुडाला की तुम्ही पास, तरंगला तर आज परत जा आणि पालेभाजी खा. बऱ्याच ठिकाणी आता त्याजागी छोटं यंत्र आलं आहे. मग खुर्चीवर आडवं व्हायचं, हातात स्पंजचा चेंडू दाबत राहायचं. दहा मिनिटांत 350 मिलिलिटर. नंतर बिस्किट आणि कॉफी. पुरुषाला दर नव्वद दिवसांनी आणि बाईला दर एकशेवीस दिवसांनी देता येतं. म्हणजे वर्षाला पुरुषाच्या चार आणि बाईच्या तीन पिशव्या. एका गृहसंस्थेतल्या चाळीस माणसांनी गर्दीच्या तारखा सोडून आपापसांत महिने वाटून घेतले, तर शंभराहून जास्त पिशव्या वर्षभर सारख्या अंतरानं जमतात. त्यांचा फलक लागणार नाही. पण रक्तपेढीतल्या माणसाला विचारलं तर तो एका दिवसाच्या हजारापेक्षा हा हप्ता मागेल.

शंकाकार : चला, रक्त दिलं तुम्हाला. कपड्यांबद्दल मात्र तुम्ही वकिली करू नका. आपत्ती आली की गाठोडी बांधून जे काही निघतं, ते मी पाहिलेलं आहे. फाटक्या साड्या, बटणं गेलेले सदरे, एकाच पायातले बूट.

मी : वकिली करतच नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून गेलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांना आपलं घर गेल्याचं दुःख होतंच, वर लोकांच्या चिंध्या घालायची पाळी आणली गेली. कपाट रिकामं करणं ही देणाऱ्याची गरज असते. तिच्यावर दान अशी चिठ्ठी चिकटवली की ती घेणाऱ्याची होत नाही. पण कपडे देण्याची दुसरी वाटही आहे. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या ‘गूंज’नं कपड्याकडे भीक म्हणून बघायचं नाकारलं. गावकऱ्यांनी आपल्या गावातली विहीर, बांध, रस्ता असं काम ठरवून करायचं आणि त्याचा मोबदला म्हणून नीट निवडलेला कपडा घ्यायचा. घालता न येण्याजोग्या सुती कपड्यांचे सॅनिटरी पॅड शिवले जातात. गुप्तांना 2015 चा मॅगसेसे मिळाला. मला त्यातली निवड करणारी टेबलं जास्त महत्त्वाची वाटतात: आलेलं प्रत्येक गाठोडं सोडून, चाळून, बटण लावून, मापाप्रमाणे लावणारी माणसं. तेच काम घरी आपण अर्ध्या तासात करू शकतो, आणि तेवढं करायचं नसेल तर कपडे देऊ नयेत.

शंकाकार : आता माझा शेवटचा आणि खरा आक्षेप ऐका. बाकीचे मी तुम्हाला खेळवत होतो. घरकामाच्या मावशींना आजारपणाची भरपगारी रजा द्यायची नाही, पगारवाढ मागितली की ‘आम्ही तुला साडी दिली होती’ म्हणायचं, आणि महिन्याला शंभर रुपये वृद्धाश्रमाला पाठवायचे. हे दान नव्हे, प्रायश्चित्त आहे, आणि तेही स्वस्तातलं. दुसरं, शाळा, दवाखाना, निवारा ही सरकारची जबाबदारी. तुम्ही ठिगळं लावत राहिलात की सरकार निवांत बसतं. लोकांनी दान द्यायचं सोडून हक्क मागायला हवेत.

मी : पहिल्या निम्म्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि मला ते शोधायचंही नाही. मजुरी हा हिशेब आहे, दान त्यानंतर सुरू होतं. घरकामाच्या बाईची आठवड्याची सुट्टी, ड्रायव्हरचा जास्तीच्या तासांचा पैसा, कचरा उचलणाऱ्या बाईच्या हाताची काळजी हे आधी. पुण्यात बाबा आढावांच्या पुढाकारानं 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. त्यांनी नागरिकांकडे मागितलं काय? सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे उघड्या हातांनी ते पुडकं उकलावं लागणार नाही. याला कुणी दान म्हणणार नाही, पण शंभर रुपयांच्या आधी हा ठिपका यायला हवा, इतकं तुमचं म्हणणं मी आनंदानं मान्य करतो.

दुसऱ्या निम्म्यावर मात्र भांडायला हवं. दान आणि हक्क ही एकमेकांच्या जागेवर बसणारी माणसं आहेत असं तुम्ही धरून चालता. प्रत्यक्षात हक्क असतो कागदावर आणि तो मिळवायला लागतो वेळ, अक्षरज्ञान आणि काउंटरवर न घाबरणारा आवाज. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांचं बघा. सार्वजनिक न्यासांच्या त्याच 1950 च्या कायद्याच्या 41 एए कलमाखाली आणि मुंबई उच्च न्यायालयानं 2006 मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. हा हक्कच आहे, भीक नाही. पण जळगावच्या एखाद्या खेड्यातून मुंबईला आलेल्या शेतमजुराला हे माहीत नसतं. माहीत असलं तरी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, समाजसेवा विभागाची खोली, तिथला अर्ज, या चार गोष्टींच्या मध्ये तो हरवतो. त्याच्याबरोबर दोन दुपारी घालवणारा माणूस हा दाता आहे की कार्यकर्ता? मला ती रेघ काढता येत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा मिळतो. ज्यांच्या नावानं ती धर्मशाळा आहे त्या माणसानं लोकांच्या वर्गण्यांतून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिकला धर्मशाळा बांधल्या, आणि तोच माणूस कीर्तनात लोकांना कर्ज काढू नका, पोरं शिकवा, अस्पृश्यता मोडा म्हणून खडसावत होता. ठिगळही लावलं आणि खडे बोलही सुनावले. परीक्षेत अंध विद्यार्थ्याचा लेखनिक म्हणून बसणं घ्या. लेखनिक आणि तासाला वीस मिनिटांचा जादा वेळ हे नियमानं मिळतं. पण ऐन परीक्षेच्या सकाळी लेखनिक आला नाही तर तो नियम चाटायचा? बऱ्याच परीक्षांत लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे हे काम पुष्कळदा शाळकरी पोरापोरींनीच करायचं असतं. सरकार नियम करू शकतं, त्या बाकावर जाऊन बसू शकत नाही. हक्क मागणं आणि दान देणं ही दोन्ही कामं एकाच माणसानं करू नयेत असं कुठं लिहिलं आहे?

शंकाकार : बरं, मग महिन्याचे शंभर मी बँकेला सांगून आपोआप कापायला लावतो. पण एक सांगा. साताऱ्याकडच्या त्या बायका रोज हातानं मूठ बाजूला काढत होत्या. रोज त्या पोरांची आठवण होत होती. माझ्या खात्यातून पाच तारखेला पैसे गेल्याचा मेसेज येईल आणि मी तो न वाचता पुसेन. हे तुमच्या व्याख्येत बसतं?

मी : हा आक्षेप मला पुरता परतवता येत नाही. संस्थेच्या बाजूनं बघितलं तर आपोआप जाणारे शंभर रुपये उत्तम, कारण पुढचे सहा महिने किती येणार ते तिला आज ठाऊक असतं आणि त्या भरवशावर ती माणूस कामावर ठेवू शकते. देणाऱ्याच्या बाजूनं त्यात काहीतरी गळतं, हे खरं आहे. त्यावर मला एकच उपाय सुचतो आणि तो अपुरा आहे. देणं आपोआप होऊ द्या, बघणं मात्र आपोआप होऊ देऊ नका. वर्षातून एकदा अहवाल मागवा, जमाखर्चाचं पान काढा, पगारावर किती गेले आणि विजेवर किती, मागच्या वर्षाशी ताडून पाहा, खटकलं तर विचारा. शंभर रुपयांच्या दात्याला उत्तर देणारी संस्था लाखाच्या दात्यापुढे लाचार नसते. दोनदा विचारून उत्तर आलं नाही तर बँकेला सांगून थांबवा आणि दुसरी संस्था बघा. तेव्हा ‘दानाचा हिशेब मागू नये’ वगैरे कुणी म्हटलं तर ऐकू नका.

शंकाकार : मग मी आधी अहवाल मागवतो. आला तर पैसे.

मी : मागवा. मात्र मार्चअखेरचे हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात जायला सहा महिन्यांची मुदत असते, म्हणजे सप्टेंबर उजाडतो. तोवर गेल्या वर्षीचा मागा. तो त्यांच्याकडे तयार असायलाच हवा.